रुईची धूळ आणि छातीतला दाह

दसरा उलटला की परभणी जिल्ह्यातल्या जिनिंगांच्या दारात कापसाच्या गाड्या लागू लागतात. मानवत, सेलू, पाथरी, जिंतूर, गंगाखेड, सगळीकडे हेच चित्र असते. काटापूजन होते, पहिली गाडी आणणाऱ्या शेतकऱ्याला फेटा बांधला जातो, मुहूर्ताचा भाव पुकारला जातो आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छायाचित्र येते. पुढचे चार-पाच महिने भाव, ओलावा, हमीकेंद्रे आणि वायदेबाजार यांच्या चर्चेत जातात. कापसाच्या अर्थकारणावर आणि राजकारणावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. शेतकऱ्याच्या आत्महत्येवर तर कथा-कादंबऱ्यांचे एक स्वतंत्र दालनच तयार झाले. पण सरकीपासून रुई वेगळी होताना हवेत जे उडते आणि जिनमध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत जाते, त्याकडे आपल्या लिहिण्याचे लक्ष क्वचितच गेले. ती धूळ म्हणजे नेमके काय, तिने छातीत पेटणारा दाह कोणत्या जातीचा आणि तो विझवण्यासाठी वैद्यकाने गेल्या शंभर वर्षांत काय काय करून पाहिले, हा या लेखाचा विषय.

आधी धुळीकडे पाहू. कापसाची धूळ म्हणजे कापसाचे तंतू, असा सर्वसाधारण समज आहे. तंतू नाकातोंडावर बसतात, डोळ्यांच्या पापण्यांवर पांढरी लव दिसते, म्हणून तेच दोषी वाटतात. प्रत्यक्षात ते इतके लांब असतात की फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचतच नाहीत. पोचते ते डोळ्यांना न दिसणारे. बोंडाला बाहेरून झालरीसारखी कवटाळून बसलेली तीन पाने असतात. बोंड पिकते तशी ती वाळतात, वेचताना कापसाबरोबर तुटून येतात आणि जिनच्या रोलरखाली त्यांचा भुगा होतो. पानाच्या या वाळक्या भुग्यावर जिवाणूंची दाट वस्ती असते. त्यांत पॅन्टोइया ॲग्लोमेरन्स हा एक नेहमीचा रहिवासी आहे. हे जिवाणू ग्रॅम-ऋण गटातले. झाडाला त्यांचा फारसा उपद्रव नाही आणि माणसाला ते सहसा संसर्गही करीत नाहीत. त्यामुळे जिनमधल्या कामगाराला होतो तो संसर्ग नव्हे. जिवाणू मेला तरी त्याच्या बाह्य कवचातला एक पदार्थ शाबूत राहतो आणि तोच छातीत आग लावतो. त्या पदार्थाचे नाव एंडोटॉक्सिन, मराठीत अंतर्विष.

परतीचा पाऊस उघड्या बोंडांवर पडला, कापूस भिजला, पिवळा पडला, की या वस्तीला सुगी येते. शेवटच्या वेचणीची कवडी आणि फरदडीचा कापूस यांत पाला-पाचोळा अधिक असतो. म्हणजे ज्या मालाला बाजारात भाव कमी, त्याची धूळ छातीला अधिक महाग पडते. हा नुसता तर्क नाही. अमेरिकेत मंदीच्या काळानंतर शिलकी कापूस ग्रामीण कुटुंबांना देऊन त्यांच्याकडूनच गाद्या बनवून घेण्याची एक सरकारी योजना होती. त्यातला काही कापूस हलक्या प्रतीचा, डागाळलेला होता. तो पिंजणाऱ्या बायका-माणसांना काही तासांतच थंडी वाजून ताप, मळमळ आणि छातीत आवळल्यासारखे होऊ लागले. १९४२ साली नील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचा छडा लावला, तेव्हा त्या डागाळलेल्या कापसावरचे जिवाणू आणि त्यांचे विषारी घटक दोषी ठरले. मराठवाड्यात गाद्या भरणाऱ्या पिंजारी-नदाफ घरांनी पिढ्यान् पिढ्या हेच काम केले आहे, बहुधा अशाच कापसावर. त्यांच्या छातीचा इतिहास कोणी लिहून ठेवलेला नाही.

* * *

आजाराला नाव मिळाले ते मात्र फार पूर्वी. सण आणि ताग विंचरणाऱ्या कामगारांचा खोकला आणि दमा इटलीच्या रामाझ्झिनी या वैद्याने अठराव्या शतकाच्या आरंभीच नोंदवला होता. १८७७ मध्ये ॲड्रियन प्रूस्त या फ्रेंच आरोग्यशास्त्रज्ञाने त्याला ‘बिसिनोसिस’ म्हटले. ग्रीक भाषेत ‘बिसोस’ म्हणजे तलम वस्त्राचा धागा. हे प्रूस्त म्हणजे कादंबरीकार मार्सेल प्रूस्त यांचे वडील. मुलगा जन्मभर दम्याने हैराण, आणि बापाने दुसऱ्यांच्या दम्याला नाव दिले! साहित्याच्या वाचकाला ही नोंद करून ठेवावीशी वाटेल, म्हणून येथे दिली.

बिसिनोसिसची खूण मोठी विलक्षण आहे. लँकशायरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात कामगारांना विचारले, तेव्हा छाती आवळण्याचा त्रास सोमवारी सर्वाधिक आणि आठवडाभरात उतरत जाणारा आढळला. कामामुळे होणारा आजार कामाच्या पहिल्या दिवशी सर्वांत तीव्र आणि रोज काम केल्यावर सौम्य, हे कोडेच होते. अंतर्विषाने ते बऱ्याच अंशी सुटते. या विषाचा मारा रोज झाला की फुफ्फुसातल्या पेशी काही काळ बधिर होतात, त्याच माऱ्याला कमी प्रतिसाद देतात. सुट्टी झाली की बधिरता ओसरते आणि पहिल्या दिवशी प्रतिसाद पुन्हा पूर्ण जोराने येतो. त्रास कमी झाला म्हणजे इजा थांबली, असा मात्र याचा अर्थ नाही. छाती आवळणे थांबले तरी वर्षानुवर्षे श्वासाची क्षमता झिजत राहू शकते.

परभणीतल्या डॉक्टरने रोग्याला ‘सोमवारी त्रास होतो का?’ असे विचारले तर उत्तर ‘नाही’ येण्याचीच शक्यता जास्त. हंगामात जिनिंग कापसाच्या आवकेवर चालते, रविवारच्या घंटेवर नव्हे. येथला सोमवार कॅलेंडरात शोधावा लागतो. भाऊबीज उरकून बाजार समित्या पुन्हा उघडतात आणि बंद पडलेले जिन सुरू होतात, तो खरा येथला सोमवार. ‘सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी छाती जड होते का, अंगात कणकण येते का?’ असा प्रश्न विचारला तरच हा आजार सापडेल. एरवी रोग्याच्या कागदावर ‘दमा’ किंवा ‘ब्रॉन्कायटिस’ लिहून मोकळे होता येते. विडी ओढत असेल तर मग विचारायलाच नको.

अंतर्विषाची कल्पना रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाची. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत कॉलऱ्याच्या जिवाणूंवर काम करताना १८९२ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आले की मारलेले जिवाणूही प्राण्याला विषबाधा करतात. म्हणजे विष जिवाणू बाहेर सोडत नाही, ते त्याच्या अंगातच आहे. हेच फायफर १८९७ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी आलेल्या जर्मन आयोगाबरोबर मुंबईत होते. त्या वेळी गिरणगाव ऐन भरात होते आणि गिरण्यांच्या कार्डिंग खात्यांत फायफरांचेच अंतर्विष हवेत तरंगत होते. पण ते आले होते प्लेगसाठी. कापूस आणि अंतर्विष यांचा धागा जुळायला आणखी सहा दशके लागली. १९६१ मध्ये इटलीतील पेर्निस आणि सहकाऱ्यांनी वनस्पतिजन्य धुळीच्या आजारांत अंतर्विषाची भूमिका मांडली. १९८७ मध्ये अमेरिकेत कॅस्टेलन आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांना एका नमुना कार्डिंग खोलीत बसवले आणि निरनिराळ्या कापसाची धूळ त्यांच्या श्वासात जाऊ दिली. श्वासाची क्षमता किती घटते याचा संबंध हवेतल्या धुळीच्या वजनाशी नीट जुळेना. तो जुळला अंतर्विषाशी. घनमीटर हवेत सुमारे ९ नॅनोग्रॅम अंतर्विष असेपर्यंत परिणाम शून्य, त्यापुढे मात्र घट. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. वजनकाट्यावर धूळ तोलून धोका का कळत नाही, ते या आकड्यावरून ध्यानात यावे.

* * *

इतके कमी विष इतका मोठा दाह कसा पेटवते? याचे उत्तर मिळायला १९९८ साल उजाडले. उंदरांची एक जात अंतर्विषाला जवळजवळ दादच देत नसे. ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने तिच्यातला बिघडलेला जनुक शोधून काढला. टीएलआर-४ नावाचा तो ग्राहक पेशीच्या पृष्ठभागावर पहारेकऱ्यासारखा उभा असतो. या शोधाला २०११ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. फुफ्फुसाच्या वायुकोशांत गस्त घालणाऱ्या भक्षक पेशींवर हा ग्राहक असतो. अंतर्विषाचा एक रेणू त्याला चिकटला की पेशीच्या आत संकेतांची साखळी सुरू होते आणि एनएफ-कप्पा-बी नावाचा कळीचा घटक केंद्रकात शिरून दाहाचे जनुक उघडतो. टीएनएफ, इंटरल्युकिन अशी रसायने बाहेर पडतात. त्यांच्या हाकेला रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि वायुकोशांत घुसतात. जिवाणू मारायचे हत्यार त्यांच्याजवळ तयारच असते. पण येथे जिवाणू मेलेला. हत्यार चालते ते आपल्याच नाजूक पडद्यावर. पडदा गळू लागतो आणि हवेच्या जागी द्राव भरतो.

जिनमधल्या कामगारात हे सारे सहसा सौम्य पायरीवर थांबते: छाती आवळणे, खोकला, संध्याकाळची कणकण. हेच जिवाणू किंवा त्यांचे भाईबंद जिवंत स्वरूपात रक्तात किंवा फुफ्फुसात उतरले, न्यूमोनिया झाला, सेप्सिस झाला, तर तीच साखळी टोकाला जाते आणि रोगी कृत्रिम श्वासयंत्रावर पोचतो. १९६७ मध्ये डेन्व्हरच्या डॉक्टरांनी बारा रोग्यांवरून या अवस्थेचे वर्णन केले. आज तिला आपण एआरडीएस म्हणतो. करोनाच्या दिवसांत हे नाव घराघरांत पोचले. जिनमधली संध्याकाळ आणि अतिदक्षता विभागातली रात्र यांत अंतर फार, पण वाट एकच. म्हणून औषधांची कहाणी दोन्हींना लागू पडते.

ही कहाणी बरीचशी पराभवांची आहे. दाह शरीराला जाळतो, तर दाह विझवा, इतका सरळ विचार होता. स्टेरॉइड हे दाह विझवणारे सर्वांत प्रबळ औषध, म्हणून सेप्सिसच्या रोग्यांना ते प्रचंड मात्रेत दिले जाऊ लागले. १९८७ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले, एक सेप्सिसमधली आणि दुसरी एआरडीएसमधली. दोन्हींत फायदा दिसला नाही. मग विचार आला की दाह नको, विषच निकामी करू. अंतर्विषाला पकडणारे सेंटॉक्सिन नावाचे प्रतिपिंड तयार झाले. १९९१ मध्ये एका गटाच्या रोग्यांत लाभ दिसल्याचे प्रसिद्ध झाले आणि युरोपातल्या काही देशांनी परवानगीही दिली. दुसऱ्या चाचणीत, ज्यांच्या रक्तात ग्रॅम-ऋण जिवाणू नव्हते त्यांच्यात मृत्यू वाढल्याची शंका आली आणि १९९३ मध्ये औषध मागे घ्यावे लागले. टीएनएफला अडवणारी औषधे सेप्सिसमध्ये आजमावली गेली, तीही फसली. त्यांनी पुढे संधिवातात नाव काढले, ही गोष्ट वेगळी. टीएलआर-४ सापडल्यावर तर कुलूपच हाती आल्यासारखे वाटले. एरिटोरान नावाचे औषध त्या कुलपात खोटी किल्ली घालून बसते आणि खऱ्या अंतर्विषाला आत येऊ देत नाही. सुमारे दोन हजार रोग्यांवरची चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. औषध घेतलेल्यांत २८.१ टक्के दगावले, न घेतलेल्यांत २६.९ टक्के.

असे का झाले? एक कारण वेळेचे. अंतर्विषाचा संकेत मिनिटांत सुटतो आणि काही तासांत साखळी पुढे निघून जाते. रोगी दवाखान्यात पोचतो तेव्हा दाराला कुलूप लावून उपयोग नसतो, कारण चोर घरात शिरून बराच वेळ झालेला असतो. दुसरे कारण म्हणजे दाह निव्वळ शत्रू नाही. जिवंत जिवाणू समोर असेल तेव्हा तोच आपला राखणदार, त्याला झोपवले की संसर्गाला मोकळे रान. तिसरे कारण उंदरांचे, आणि त्यावर थोडे थांबायला हवे.

अंतर्विषाने झालेल्या फुफ्फुसदाहावर काय काय गुणकारी आहे, याचे शोधनिबंध काढले तर ढीग पडेल. उंदराच्या श्वासनलिकेत अंतर्विष सोडायचे, आधी किंवा नंतर एखादे औषध द्यायचे, दुसऱ्या दिवशी फुफ्फुस धुऊन न्यूट्रोफिल मोजायचे. ते कमी भरले की निबंध तयार. या पद्धतीने हळद गुणकारी ठरते, अडुळसा ठरतो, आणि जवळजवळ प्रत्येक वनस्पतीतला एखादा तरी घटक ठरतो. अडचण अशी की उंदीर अंतर्विषाला फार काटक आहे. निरोगी माणसाला थंडी-ताप यायला शरीराच्या दर किलोमागे काही नॅनोग्रॅम पुरतात, उंदराला मारायला किलोमागे काही मिलिग्रॅम लागतात. एका माणसाने कर्करोगावर स्वतःच उपाय करण्याच्या नादात एक मिलिग्रॅम अंतर्विष टोचून घेतले आणि तो थेट शॉकमध्ये गेला. उपचारांनी वाचला आणि १९९३ मध्ये त्याची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात आली. शिवाय प्रयोगात औषध बहुधा विषाच्या आधी किंवा बरोबर दिले जाते. माणसाच्या आयुष्यात अशी सोय नसते.

* * *

हळदीचा उल्लेख आला आहे तर तिच्याविषयी बोलायलाच हवे. हिंगोली १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्याचाच भाग होता आणि वसमतची हळद हा आपल्याकडे अभिमानाचा विषय आहे. हळदीतले कर्क्युमिन काचेच्या नळीत एनएफ-कप्पा-बीला खरोखर अडवते. पण पोटातून ते रक्तात फारच थोडे उतरते, आणि जे उतरते ते भराभर बदलून बाहेर टाकले जाते. त्याहून अवघड गोष्ट अशी की कर्क्युमिन अनेक प्रयोगशाळा-चाचण्यांत खोटा होकार देते, म्हणजे औषध म्हणून काम न करताही काम केल्यासारखे दिसते. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांनी या साऱ्या संशोधनाचा आढावा घेऊन ते परखडपणे मांडले. दूध-हळद पिण्यात तोटा काही नाही. पण जिनमधल्या दाहावर ते औषध आहे असे म्हणायला पुरावा नाही आणि कामगाराला तसे सांगणे म्हणजे त्याला फसवणे होय.

अडुळशाची गोष्ट जरा निराळी. त्यातल्या व्हॅसिसिन या घटकावरून ब्रोमहेक्सिन तयार झाले आणि ब्रोमहेक्सिनचेच शरीरात होणारे रूप म्हणजे ॲम्ब्रॉक्सॉल. आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर ही नावे दिसतात. आजीच्या काढ्यापासून औषधाच्या दुकानापर्यंतचा हा प्रवास खरा आहे. कफ पातळ करणे हे त्याचे सिद्ध काम. अंतर्विषाचा दाह शमवण्याचे काम मात्र उंदरांपलीकडे फारसे गेलेले नाही.

आणि गूळ. धुळीत काम करणाऱ्याने गुळाचा खडा खावा, ही समजूत देशभर आहे. काही कारखान्यांत तो वाटलाही जातो. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातले साहू आणि सक्सेना यांनी १९९४ मध्ये याची तपासणी केली. कोळशाची आणि सिलिकाची धूळ दिलेल्या उंदरांना गूळ खाऊ घातल्यावर फुफ्फुसातले कण लसीकाग्रंथींकडे अधिक सरकलेले आढळले. प्रयोग कुतूहलाचा आहे, लोकसमजुतीला हसून उडवू नये हे शिकवणारा आहे. पण ते कण होते खनिजांचे. अंतर्विष कण सरकायची वाट पाहत नाही, ते पोचताक्षणी हाक देते. धूळ कमी करण्याऐवजी गूळ वाटणे स्वस्त पडते, हेही नजरेआड करून चालणार नाही.

आता पराभवांच्या रांगेतले यश. २०२० च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने सांगितले की डेक्सामेथासोन हे जुने, अगदी स्वस्त स्टेरॉइड करोनाच्या गंभीर रोग्यांना वाचवते. दिवसाला फक्त ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. श्वासयंत्रावरच्या रोग्यांत मृत्यूचे प्रमाण ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले, नुसत्या प्राणवायूवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर. पण ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांच्यात औषध घेतलेले १७.८ टक्के दगावले आणि न घेतलेले १४ टक्के. ही वाढ योगायोगाचीही असू शकते, मात्र फायद्याचा मागमूसही तेथे नव्हता. एकच औषध, एकच मात्रा, आणि आजाराच्या पायरीनुसार वेगळा निकाल. २०२३ मध्ये फ्रान्समधल्या चाचणीत गंभीर न्यूमोनियाच्या रोग्यांना हायड्रोकॉर्टिसोन दिल्यावर अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू ११.९ वरून ६.२ टक्क्यांवर आले. १९८७ ला हरलेले स्टेरॉइड येथे जिंकले. मधल्या काळात मात्रा उतरली आणि रोगी निवडण्याची दृष्टी आली. अर्थात या दोन्ही पराक्रमांच्या आधीचा, २००० सालचा एक निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो: श्वासयंत्राने दर श्वासाला कमी हवा भरली, तर एआरडीएसमधले मृत्यू ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर येतात. औषध कोणतेच नाही. सुजलेल्या फुफ्फुसाला आणखी न ताणणे, एवढेच.

रिकव्हरीच्या आकड्यांतली शेवटची जोडी आपण वाचली नाही, आणि त्याची किंमत महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोजली. प्राणवायूची गरज नसलेल्यांना, घरी बसलेल्यांना, मधुमेह असलेल्यांना सर्रास स्टेरॉइड दिले गेले. दुसऱ्या लाटेत म्यूकरमायकोसिसची काळी बुरशी पसरली त्यामागे अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइडचा अतिरेक ही मोठी कारणे होती. कित्येकांचे डोळे आणि जबडे गेले.

जिनमधल्या कामगाराच्या बाबतीत धोका याहून मुका आहे. स्टेरॉइडची गोळी काही रुपयांत मिळते आणि चिठ्ठीशिवायही मिळते. ती घेतली की अंग हलके वाटते, भूक लागते, दुसऱ्या दिवशी कामावर जाता येते. आता या दाहातली मुख्य पेशी न्यूट्रोफिल आहे हे आठवा. नेहमीच्या ॲलर्जीच्या दम्यात इओसिनोफिल नावाच्या पेशी असतात आणि त्या स्टेरॉइडने मरतात. न्यूट्रोफिलचे आयुष्य मात्र स्टेरॉइडने उलट लांबते. म्हणून न्यूट्रोफिलच्या दाहाला हे औषध कमी लागू पडते. साल्ब्युटामॉलचा पंप आवळलेल्या नळ्या सैल करतो, त्या दिवसापुरता आराम देतो, पण मूळ दाहाला हात लावत नाही. कामगाराला बरे वाटते आणि तो पुन्हा त्याच धुळीत उभा राहतो. वर्षांनुवर्षे गोळी चालली तर हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, आणि आपल्याकडे क्षयाचे जंतू दबा धरून बसलेलेच असतात.

* * *

मग करायचे काय? येथे औषधाचा विषय संपून कारखान्याचा सुरू होतो. कापूस कताईपूर्वी गरम पाण्यात सौम्य धुतला तर त्याच्या धुळीचा छातीवरचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो, हे अमेरिकेत प्रयोगांनी दाखवले गेले आणि तिथल्या नियमांनी ते मान्यही केले. पण जिनिंग ही धुण्याच्या आधीची पायरी. सरकीसकट कापूस धुता येत नाही. गंमत अशी की जगात सर्वांत जास्त उद्धृत होणारे अमेरिकेचे कापूसधूळ-मानक वेचणी आणि जिनिंग या दोन्ही कामांना लागूच नाही. कताईखात्याच्या हवेची मर्यादा घनमीटरमागे २०० मायक्रोग्रॅम अशी काटेकोर ठरली, पण सर्वाधिक कचरा जेथे उडतो ते जिनिंग बाहेर राहिले. हंगामी काम आहे, तीन-चार महिन्यांचेच आहे, असा त्यामागचा सूर. सुदानमध्ये खोगली यांनी १९६९ मध्ये जिनिंग कामगार तपासले तेव्हा दर पाचांत एकाला बिसिनोसिस आढळला होता. जळगावच्या जिनिंग कामगारांवरचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही श्वासक्षमतेची घट दिसली. हंगामी काम म्हणून फुफ्फुस सवलत देत नाही.

मुंबईचे उदाहरण येथे शिकण्यासारखे आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात गिरणी कामगारांत बिसिनोसिस आणि साधा ब्रॉन्कायटिस वेगळा कसा ओळखावा, याचा श्वासमापनावरून अभ्यास केला. म्हणजे मुंबईत आजार नव्हता असे कोणी म्हणू शकत नव्हते. तरी नुकसानभरपाईचे दावे उभे राहायला कामगार आणि डॉक्टर यांना एकत्र यावे लागले, आणि तोवर गिरण्या बंद होत आल्या होत्या. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कापूस, सण, ताग यांच्या धुळीने होणारा हा आजार नावानिशी होता, पण ज्या भागात तो होता तेथे विशिष्ट काळ सलग नोकरीची अट जोडलेली होती. जिनिंगमधला माणूस या हंगामात मानवतला, पुढच्या हंगामात सेलूला, आणि उन्हाळ्यात वीटभट्टीवर. मुकादमाच्या वहीत नाव, तेही असेल तर. ‘सलग’ या एका शब्दाने त्याचा दावा उभा राहण्याआधीच पडतो.

काही गोष्टी मात्र परभणीतच होऊ शकतात आणि त्यांना परदेशी मानकाची वाट पाहावी लागत नाही. मेहबूब बाग येथील कापूस संशोधन केंद्राने आणि कृषी विद्यापीठाने वाण, कीड, धाग्याची लांबी यांवर अनेक दशके काम केले आहे. वेचणीत पाला किती येतो हा प्रश्न त्यांच्यासाठी आजवर प्रतवारीचा होता. तोच छातीचाही प्रश्न आहे. पाल्याविना वेचलेला, कोरडा साठवलेला कापूस चांगला भाव मिळवतो आणि कमी अंतर्विष उडवतो. शेतकरी, जिनमालक आणि मजूर यांचे हित एका रेषेत येण्याचे प्रसंग कापसात दुर्मीळ, त्यांतला हा एक. जिनच्या रोलरजवळच धूळ ओढून घेणारे पंखे बसवले आणि झाडू मारून धूळ उडवण्याऐवजी ती ओढून काढली, तर फरक पडतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा पदर तंतू अडवतो, पण बारीक भुगा त्यातून आरपार जातो. त्याला एन-९५ सारखा मुखवटाच लागतो, आणि बारा तास तो लावून राबणे किती कठीण आहे, हे करोनात सर्वांनी अनुभवले आहे.

परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. श्वासाचा जोर मोजणारे साधे पीक फ्लो मीटर काही शे रुपयांत येते. भाऊबीजेनंतर जिन सुरू होतील त्या पहिल्या दिवशी सकाळी कामाआधी एकदा आणि संध्याकाळी काम सुटताना एकदा प्रत्येकाची फुंकर मोजली, तर जिल्ह्याकडे पहिल्यांदा स्वतःचे आकडे येतील. ज्यांची संध्याकाळची फुंकर सकाळपेक्षा ठळकपणे कमी भरेल, त्यांना धुळीच्या जागेवरून हलवायचे. शांघायच्या गिरणी कामगारांवर १९८१ पासून चाललेल्या दीर्घ अभ्यासात काम सुटल्यावर श्वासक्षमता काही अंशी सावरलेली दिसली. त्याच शांघायमध्ये अंतर्विषाच्या धुळीत राबलेल्या स्त्रियांत फुफ्फुसाचा कर्करोग मात्र कमी आढळला. विष पूर्णपणे काळे असते असे नाही, पण त्या आधारावर कोणी धूळ खा म्हणू नये.

या वर्षीच्या काट्यांची पूजा झाली आहे. परतीच्या पावसात भिजलेला कापूस वेगळा ठेवून शेवटी जिनला लावतात आणि त्या दिवसांत छपराखाली धूर झाल्यासारखे दिसते. फुंकर मोजायची असेल, तर ते दिवस चुकवू नयेत.